चमचामावशी आणि न जेवणारे साहेब

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, एका बाईने एकतीस वर्षं माणसांना जेवायला घातलं, आणि हे काम तिच्या कामांच्या यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. यादीत होतं ते फरशी पुसणं, चादरी बदलणं, ताटं वाटणं आणि रिकामी ताटं गोळा करणं. आता रिकामं ताट गोळा करायचं तर ते आधी कुणीतरी रिकामं करायला हवं, एवढा साधा तिचा हिशेब. नर्स ताट ठेवून पुढे जायची, रोगी भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि ही हात पुसत स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसायची.

वॉर्डात सगळे तिला चमचामावशी म्हणत. चमचेगिरी म्हणाल तर तिच्यात औषधालाही नव्हती. रोग्यासमोर त्याच्या आतड्यांची चर्चा करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही ती सुनवायची, की साहेब, हे बाहेर जाऊन बोला, त्याचं जेवण जातं. नाव पडलं ते तिच्या खिशातल्या चमच्यामुळे. इस्पितळाचे चमचे पसरट आणि थंड. हिने घरून एक छोटा, कडा झिजलेला चमचा आणला होता आणि तो गरम पाण्यात बुडवल्याशिवाय ती कुणाच्या ओठाला लावत नसे. एक म्हातारे गृहस्थ मुलांवर रुसून चार दिवस उपाशी पडले होते. पाचव्या दिवशी त्यांनी तीन घास घेतले आणि म्हणाले, "तुझ्यासारखी चिवट बाई जन्मात पाहिली नाही." ही म्हणाली, "बोलायला तोंड उघडलंच आहे तर चौथा घ्या."

किती घास गेले ते ती खाटेच्या पायथ्याच्या कागदावर लिहायची आणि अर्धा घास असेल तर अर्धाच लिहायची. जो जेवत नाही त्याला नाकातून नळी, असा वॉर्डाचा नियम होता. तिच्या देखरेखीतला माणूस नळीपर्यंत गेला असं फार थोड्या वेळा झालं, आणि त्या सगळ्यांच्या खाटांचे नंबर तिला निवृत्तीनंतरही पाठ होते.

पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. जिच्या हातून अख्खा वॉर्ड जेवला, तिच्या हातून तिची एकुलती एक लेक कधी धड जेवली नाही.

नवरा लवकर गेला. हिची पाळी बारा ते आठ. घरी यायला नऊ वाजत, मग मायलेकी समोरासमोर जेवायला बसत. लेक चार घास चिवडायची. आई म्हणायची, एवढंच? अजून घे. ते कडेला का सरकवलंस? नऊ वर्षांची झाल्यावर लेक ताट उचलून आतल्या खोलीत जायला लागली. मोठी झाली, पुलांची तपासणी करायचं शिकली, दोराला लटकून पुलाच्या पोटात हातोडीने ठोकून पाहायची नोकरी धरली, शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर केलं. आईकडे महिन्यातून एकदा यायची ती दारातूनच सांगायची, "मी खाऊन आलेय." आई बरं म्हणायची आणि केलेलं सगळं झाकून ठेवायची. शेजारीपाजारी तिला सांगत, आजकालच्या मुली अशाच. हिला ते पटत नव्हतं. मुलगी अशी का, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं आणि माहीत नाही, याची तिला मनातून लाज वाटायची.

अशी लेक एका दुपारी दोन्ही हातांत काचेची उंच पेटी धरून दारात उभी राहिली. पेटीत फांदी, फांदीवर रुंद पानांचा वेल, आणि एका पानावर मुठीएवढा हिरवागार बेडूक पाय पोटाखाली दुमडून बसलेला. झाडावरचा बेडूक, पायांच्या बोटांना गोल गाद्या असलेला. डोळे अर्धे मिटलेले, पोट सुटलेलं, जेवणानंतर खुर्चीत रेललेल्या अधिकाऱ्यासारखा. लेक त्याला साहेब म्हणायची.

लांबच्या कामावर तीन महिने जायचं होतं. मैत्रीण सांभाळणार होती, तिने ऐन वेळी अंग काढून घेतलं. आपण पहिल्या पसंतीच्या नाही हे आईला कळलं, पण अशा गोष्टींचा मान-अपमान करत बसली तर ती चमचामावशी कसली. लेकीने दोन पानं भरून सूचना लिहून आणल्या होत्या. एक दिवसाआड, दिवेलागणीनंतर, पाच-सहा जिवंत रातकिडे, त्यांना कॅल्शियमची पांढरी पूड चोळून. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं. पेटी पुसायची ती नुसत्या गरम पाण्याने. दर रविवारी वजन. सोबत छोटा वजनकाटा, आणि आजचं वजन बेचाळीस ग्रॅम.

निघताना लेक म्हणाली, "आई, बाकी काही चुकलं तरी चालेल. फक्त त्याच्या मागे लागू नकोस." आई हसली. बेडकाच्या मागे कशाला लागतेय मी, म्हणाली.

आता खरं सांगायचं तर सूचनांचा कागद तिने वाचला, पण वॉर्डात आलेल्या नव्या नर्सची वही वाचावी तसा वाचला. म्हणजे आदराने, आणि बाजूला ठेवून देण्यासाठी.

साहेबांनी पहिले चार दिवस काही खाल्लं नाही. रातकिडे पेटीत उड्या मारत राहिले, दोन निसटून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे असे किरकिरले की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, तुमच्याकडे काही बिघडलंय का. चमचामावशीने परिस्थितीचा ताबा घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं. पेशंटला दात नाहीत. ज्याला दात नाहीत त्याच्यापुढे उड्या मारणारं जेवण ठेवायचं, हा कुठला न्याय? तिने रातकिड्यांचे पाय काढले, ते नीट चेचले, पूड घालून मऊ केले आणि चिमट्याने साहेबांच्या ओठाशी धरले. साहेबांनी तोंड फिरवलं. तासाभराने पुन्हा धरले. आ करा, म्हणाली. साहेब मागच्या काचेला जाऊन चिकटले.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. नुसतं गरम पाणी हे ज्यांनी संसर्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी असतं, असं तिचं ठाम मत. एकतीस वर्षं तिने फिनेलशिवाय फरशी पुसली नव्हती. तिने बादलीभर पाण्यात दोनच थेंब टाकले, अगदी दोन, आणि रोज सकाळी पेटी आतून-बाहेरून लख्ख पुसली.

तिसरी गोष्ट तिला गोष्टच वाटली नाही. ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसायची आणि बघायची. सकाळी बघायची, दुपारी बघायची, दिवे लागल्यावर तर डोळा हलवायची नाही. कोण कधी तोंड उघडेल सांगता येत नाही, आपण हजर पाहिजे.

पहिल्या रविवारी एकोणचाळीस ग्रॅम. दुसऱ्या रविवारी सदतीस. साहेबांचा हिरवा रंग मळकट तपकिरी झाला, पोट आत गेलं, आणि ते दिवसभर पाण्याच्या वाडग्यात बसून राहायला लागले. तिने हे ओळखलं. वॉर्डात माणसं शेवटी शेवटी अशीच पाणी मागत.

रविवारी लेकीचा फोन यायचा, कारण बाकी दिवस तिच्या कामावर रेंज नसायची. दोन्ही रविवारी लेकीने विचारलं, खातोय का? दोन्ही रविवारी आई म्हणाली, हो, छान खातोय. जिने कधी अर्ध्या घासाचा पाऊण केला नाही, तिने लेकीशी सपशेल खोटं बोलून फोन ठेवला, आणि मग तिच्या स्वतःच्या घशाखाली जेवण उतरेना. बेडूक मेला तर काय सांगणार, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. लेकीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जेवू घालायला आपल्या हातात दिलं होतं. हेही उपाशी राहिलं, तर लेक पुन्हा कधी काही देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

तिसऱ्या आठवड्याच्या मध्यावर काटा पस्तिसावर थांबला. तिने पेटीला ओला टॉवेल गुंडाळला, बसमध्ये ती मांडीवर धरली आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, आत वाकल्या आणि थांबल्या. "काकू, हा कशाचा वास?"

तिने सांगितलं. अभिमानाने सुरुवात केली आणि वाक्य संपेपर्यंत आवाज खाली गेला, कारण डॉक्टरांचा चेहरा तिला वाचता येत होता. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, डॉक्टर म्हणाल्या, तो कातडीने पितो. ज्यावर बसतो ते सगळं आत जातं. दोन थेंब तुमच्या फरशीला दोन थेंब आहेत, याला नाहीत. आणि मेलेलं, चेचलेलं अन्न त्याला अन्न म्हणून दिसतच नाही. हलतं ते खायचं, एवढंच त्याला कळतं. त्यांनी हे रागावून सांगितलं नाही, आणि ते जास्त लागलं. एखाद्या शिकाऊ पोरीच्या हातून झालं असतं तर हिने तिला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

डॉक्टरांनी साहेबांना स्वच्छ पाण्यात ठेवलं, तपासलं, आणि म्हणाल्या की आतून ठीक आहे, सावरेल. पण तेहतिसाच्या खाली गेला तर तोंड उघडून नळीने घालावं लागेल.

नळी म्हटल्यावर तिने विचारलं, "ते टाळायला मी काय करू? दर किती वेळाने बघू?"

"बघूच नका, काकू. साध्या पाण्याने धुतलेली पेटी, जिवंत किडे, आणि संध्याकाळी खोलीत शांतता. त्याला वाटलं पाहिजे की कुणाचं लक्ष नाही."

घरी येऊन तिने पेटी सात वेळा साध्या पाण्याने धुतली. फांदी टाकून नवी बसवली. फिनेलची बाटली खालच्या बाईंना देऊन टाकली. आणि रविवारची वाट न बघता लेकीच्या कामावरच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला, की आईला फोन कर, कुणी आजारी नाही, पण कर.

या बाईचं मला कौतुक वाटतं ते इथे. एकतीस वर्षांची ख्याती असलेल्या माणसाला आपल्याच धंद्यातली चूक स्वतःच्या लेकीपुढे कबूल करायची म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. शिवाय गप्प राहिली असती तर चाललं असतं. डॉक्टरांनी सावरेल म्हटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला असता.

लेकीचा फोन संध्याकाळी त्या ऑफिसातूनच आला. आईने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. चेचलेले रातकिडे, फिनेल, पस्तीस ग्रॅम, आणि दोन रविवारचं खोटं. 

मग लेक म्हणाली, "आणि तू त्याच्यासमोर बघत बसली असशील."

"हो."

"मला पण जेवण नाही गं जायचं, आई. तू बघायला लागलीस की घास तोंडात नुसता फिरायचा."

आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग सांगायचंस ना."

"तू इतकी दमून यायचीस. तुला काय सांगणार?"

 एक गोष्ट आईला सांगायची होती आणि ती शब्दांत यायला वेळ लागला. वॉर्डात ती घास मोजायला बघायची. घरी तशी नव्हती बघत. दिवसभरात लेकीचं तोंड दिसायचं ते त्या अर्ध्या तासात, म्हणून ती बघायची. आणि बघतो आहोत तर काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून ताटाबद्दल बोलायची, कारण दुसरं काय बोलायचं ते तिला सुचायचं नाही. हे तिने जसं जमेल तसं सांगितलं. लेक फक्त हं म्हणाली. पण तो हं वेगळा होता, एवढं आईला कळलं.

त्या संध्याकाळपासून तिने खुर्ची फिरवली. दिवे लागले की मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा लावायचा, पूड चोळलेले चार रातकिडे पेटीत सोडायचे, आणि पेटीकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसायचं. खोलीबाहेरही जाता आलं असतं. पण रोग्याला एकटं टाकून जेवायला लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. सोबत पाहिजे, नजर नको, असा तिने मधला मार्ग काढला.

हे लिहायला सोपं आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हिला ती जिवंतपणी घालवायची होती. पहिल्या संध्याकाळी मागे काहीच हललं नाही. मान तीन वेळा वळायला निघाली, तीनही वेळा तिने ती धरून ठेवली. शेवटी उशीचा अभ्रा शिवायला घेतला आणि चार ठिकाणी चुकीची टीप घातली. दुसऱ्या संध्याकाळी पान सळसळलं. तिसऱ्या संध्याकाळी काचेवर टप असा ओला आवाज झाला, मग पुन्हा टप, आणि मग शांतता. तिच्या हातातली सुई थांबली. हा घास गेला की नुसती उडी होती? मागे वळलं की एका क्षणात कळलं असतं. ती खिडकीबाहेरच्या बसथांब्यावरची माणसं बघत राहिली. रोज सकाळी ती उरलेले किडे मोजून बाहेर काढायची; त्या सकाळी चारांतला एकच उरला होता.

तरी तिने लगेच विश्वास ठेवला नाही, कारण तीन किडे पानाखाली लपलेलेही असू शकतात. रविवारी काट्यावर छत्तीस आले, तेव्हा ती खाली बसली आणि थोडी रडली. मग कागद घेऊन रकाने आखले. पुढच्या रविवारी अडतीस. मग चाळीस. साहेबांचा रंग परत आला, पोट पुन्हा पायांवर टेकलं, डोळ्यांत ती जुनी बेफिकिरी आली. लेकीने एकदा फोनवर सांगितलं की बेडूक गिळताना डोळे आत ओढतो, डोळ्यांनी घास खाली ढकलतो, बघण्यासारखं असतं. आई म्हणाली, असेल. अडीच महिने ती ज्याला जेवू घालत होती, त्याला जेवताना तिने एकदाही पाहिलेलं नव्हतं. वॉर्डात तिच्या हाताखाली तयार झालेल्या मावश्यांना हे सांगितलं तर त्या हसल्या असत्या. मला विचाराल तर एकतीस वर्षांतलं तिचं सगळ्यात अवघड काम हेच.

लेक परत आली ती सरळ प्रवासातून, पाठीवर पिशवी, खांद्यावर दोर, नखांत गंज. साहेबांचं वजन त्रेचाळीस भरलं होतं. लेकीने आखलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सदतीस आणि पस्तीस हे आकडेही आईने खोडलेले नव्हते. लेकीने पेटीत बोट घातलं, साहेब त्यावर पाय ठेवून बसले, आणि दोघी थोडा वेळ त्यांच्याबद्दलच बोलत राहिल्या. आता ती पेटी उचलणार आणि जाणार, असं आईला वाटलं.

जेवण तयार होतं. जेवलीस का, हा प्रश्न आईच्या जिभेवर आला. तिने तो गिळला. दोन ताटं वाढली, एक टेबलावर ठेवलं, दुसरं स्वतः घेतलं आणि सवयीने खिडकीकडे तोंड करून बसली. बोलली ती समोरच्या बसथांब्याबद्दल. तिथलं छप्पर दुरुस्त झालंय म्हणाली, आता लोक भिजत नाहीत.

मागे खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. मग चमच्याचा आवाज. लेक पुलाबद्दल काहीतरी सांगायला लागली, कुठला तरी खांब आतून पोकळ निघाला होता आणि तो तिच्या हातोडीला सापडला होता. सांगता सांगता ती उठली, पातेल्यातला भात तिने स्वतःच वाढून घेतला, परत बसली. किती घेतला ते आईला कळलं नाही.

"आई," लेक म्हणाली, "अशी पाठ करून काय बसलीस. फिर की इकडे."

आईने खुर्ची फिरवली. लेकीचं ताट तिच्या समोरच होतं, भात अर्धा संपलेला, भाजी कडेला सरकवलेली. तिने वर पाहिलं आणि विचारलं, तो पोकळ खांब ठोकल्यावर वाजतो कसा.